पुतळीच्या गावी दोन दिवस

वाढवण, ता. डहाणू, जि. पालघर

चि. नातीस,


मिलानहून तू पाठवलेला निरोप मिळाला आणि सोबतची यादीही वाचली. दोन दिवसांच्या सुट्टीत व्हेनिस बघायचं आणि त्यात इतकी चर्चं, इतके राजवाडे, इतके पूल! असं केलंस तर तू नुसत्या रांगा पाहून येशील. बरीच नावं मी खोडली आहेत, दोन-तीन नवी घातली आहेत. का खोडली आणि का घातली ते नीट सांगतो, म्हणून फोनवर न बोलता पत्र लिहायला बसलो.

पहिली गोष्ट, शनिवार-रविवार धरू नकोस. गुरुवारी रात्री पोहोच आणि शुक्रवार-शनिवार तिथे राहा. रविवारी आणि सोमवारी तिथला मासळी बाजार बंद असतो, आणि वाढवणच्या मुलीने व्हेनिसला जाऊन मासळी बाजार न बघता यावं हे मला पटत नाही. मुक्काम गावातच कर, पलीकडे मेस्त्रेला स्वस्त मिळतं म्हणून तिकडे जाऊ नकोस. दिवसभर येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांकडून गर्दीच्या ठरावीक दिवशी २०२४ पासून प्रवेशशुल्क घेतात; गावात रात्र काढणाऱ्याला ते लागत नाही. पण पैशांपेक्षा महत्त्वाचं हे, की रात्री आणि पहाटे ते गाव त्याच्या माणसांचं असतं.

मी तिथे गेलो होतो ते झवेरी बाजारातल्या एका पेढीबरोबर. व्हिचेंझाला सोन्याच्या दागिन्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे डाय, म्हणजे दागिने छापायचे ठसे, कोरायची नवी यंत्रं बघायची होती. काम झाल्यावर पेढीची माणसं गाठीभेटींसाठी थांबली आणि मी रेल्वेने व्हेनिसला गेलो. तासाभराचाही रस्ता नाही. मला तिथे पुतळी बघायची होती.

तुझ्या पणजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ तू पाहिली आहेस. वाढवण, वरोर, चिंचणी या आपल्या पट्ट्यात घराघरांत डाय कोरतात, त्यांवर आजही पुतळ्या छापल्या जातात. त्यावर लक्ष्मी असते, कधी राम-सीता असतात. पण पुतळी मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. त्याला तिकडे दुकात म्हणत. १२८४ साली ते पाडायचं ठरलं. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास, सोनं जवळजवळ निव्वळ. एका अंगाला संत मार्कपुढे गुडघे टेकून त्याच्या हातून निशाण घेणारा डोज, म्हणजे त्या प्रजासत्ताकाचा निवडून दिलेला प्रमुख. दुसऱ्या अंगाला ताऱ्यांनी भरलेल्या लंबगोलात ख्रिस्त. डोज बदलला की नाण्यावरचं नाव बदलायचं. चित्र, वजन आणि कस मात्र १७९७ मध्ये नेपोलियनने ते राज्य बुडवलं तोवर तसाच ठेवला. पाचशे वर्षं! सरकारं बदलली की नाण्यातलं सोनं पातळ होतं, हा जगभरचा अनुभव. या एका गावाने ते होऊ दिलं नाही, म्हणून अलेक्झांड्रियापासून आपल्या कोकणापर्यंत सराफ ते नाणं न घासता घेत.

ते इकडे आलं कसं, तर मिऱ्यांपायी. युरोपला आपली मिरी, मसाले, कापड हवं होतं आणि त्यांच्याकडचं आपल्याला फारसं काही नको होतं. मग सोनं मोजावं लागे. व्हेनिसचा व्यापारी अलेक्झांड्रियात अरबांकडून माल घेई, आणि दिलेलं सोनं तांबड्या समुद्रातून गुजरात, कोकण, मलबारच्या बंदरांत उतरे. पेशवाईच्या हिशेबांतही पुतळ्या सापडतात. आपल्या सोनारांनी तिच्या नकला केल्या. लॅटिन अक्षरं वाचता येत नव्हती, म्हणून ती नुसत्या रेघोट्या झाल्या, आणि गुडघे टेकलेला डोज हळूहळू आपला कुणीतरी देव झाला. एक कारागीर दुसऱ्याचं काम न वाचता, केवळ डोळ्यांनी उचलतो, तेव्हा हे असंच होतं. त्यात मला कमीपणा वाटत नाही. ज्याने पहिली नक्कल कोरली त्याचा हात चांगलाच होता.

संत मार्कच्या चौकात कोर्रेर म्हणून संग्रहालय आहे. तिथे व्हेनिसच्या नाण्यांचा संग्रह आहे. बाकीची दालनं भराभर ओलांड, पण एका दुकातापाशी अर्धा तास उभी राहा. तू आजोबांच्या कामाच्या खोलीत वाढलीस, तुला दिसेल. हाताने पाडलेलं नाणं आहे ते. खालचा ठसा ओंडक्यात घट्ट बसवलेला, वरचा हातात धरलेला, मध्ये सोन्याची चकती आणि वरून घणाचा एक घाव. घाव किंचित तिरका बसला की एका कडेची टिंबं खोल उठतात आणि दुसऱ्या कडेची पुसट. डोजच्या झग्याच्या चुण्या किती थोड्या रेघांत काढल्या आहेत ते बघ. पोलादात सगळं उलटं आणि खोल कोरायचं, म्हणजे सोन्यावर ते सुलटं आणि उठावदार येतं. कोरून झालं की भट्टीत तापवून पाणी द्यायचं, आणि पाणी चुकलं तर महिन्याचं काम तडकतं. त्या कारागिरालाही हीच धास्ती होती. संग्रहालयातून बाहेर पडून पाण्याकडे चालत आलीस की उजव्या हाताला जाडजूड दगडांची एक इमारत लागेल. ती त्यांची टांकसाळ, सान्सोव्हिनोने बांधलेली. आता तिथे ग्रंथालय आहे. माणसं तिच्याकडे पाठ करून फोटो काढतात. तू तसं करू नकोस.

अजून एक नाव लक्षात ठेव, चेझारे फेदेरिची. व्हेनिसचाच व्यापारी, रत्नांचा. १५६३ साली घरून निघाला आणि अठरा वर्षांनी परतला. दमण, वसई, ठाणे, चौल या बंदरांबद्दल त्याने लिहिलं आहे; त्याचं पुस्तक १५८७ मध्ये व्हेनिसमध्ये छापलं. दमणहून वसईकडे येणारं गलबत आपल्या किनाऱ्यासमोरूनच जाणार. म्हणजे तू जाते आहेस ती वाट आधीच वापरातली आहे, आणि तिच्यावरून इकडेही माणसं आलेली आहेत.

आता मासळी बाजार. रियाल्टोच्या पुलाजवळ, मोठ्या कालव्याच्या काठी, कमानींखाली भरतो. सकाळी साडेसात-आठला जा. आत भिंतीवर एक दगडी पाटी आहे. तिच्यावर माशांची नावं आणि पुढे सेंटिमीटर कोरलेले आहेत: याहून लहान मासा विकायचा नाही. तारलीच्या जातीची सार्डिन सात सेंटिमीटर, वाम पंचवीस, असं. कागदावरचा नियम फायलीत जातो. हा दगडात आहे आणि विकणाऱ्याच्या डोक्यावर आहे. आपल्याकडे पापलेटाची पिल्लं, भिल्ली, टोपलीच्या टोपली विकली जाताना मी पाहिली आहेत. सातपाटीच्या मच्छीमार संस्थांनी वर्षानुवर्षं आरडाओरड केली, तेव्हा कुठे २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा जाहीर झाला. जाहीर झाल्याने मासा वाचत नाही. पिल्लू जाळ्यात येऊ नये एवढा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा ठेवावा लागतो, आणि बाजारात आलेलं पिल्लू कुणीच विकत घेता कामा नये. ती पाटी बघशील तेव्हा तिचा फोटो काढ. मला तो डहाणूच्या आणि सातपाटीच्या माणसांना दाखवायचा आहे.

तिथल्या खानावळीत दोन पदार्थ माग. एक सार्दे इन साओर: तळलेली सार्डिन, भरपूर कांदा आणि शिरका, वर बेदाणे. खलाशांनी मासा टिकवण्यासाठी काढलेली युक्ती. दुसरा बाकाला मान्तेकातो. हा सुक्या कॉड माशाचा, कुटून तेलात घोटलेला. हा मासा व्हेनिसच्या समुद्रातला नव्हे. पिएत्रो क्वेरिनी नावाच्या व्हेनिसच्या सरदाराचं जहाज वादळात भरकटून फुटलं आणि १४३२ साली तो थेट नॉर्वेच्या एका बेटाला लागला. तिथले कोळी कॉड मासा लाकडी मांडवावर टांगून वाऱ्यावर सुकवत, आपण वलांडीवर बोंबील टांगतो तसाच. त्यांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना जेवू घालून जगवलं. व्हेनिसला सुक्या कॉडची ओळख त्याच्यापासून झाली असं मानतात. वाऱ्यावर सुकवलेल्या मासळीची किंमत काय असते ते तुला सांगायला नको. जून-जुलैत समुद्र बंद असतो तेव्हा आपल्या घरात तेच शिजतं.

गोंडोल्यात बसायचं तुझ्या यादीत सर्वांत वर होतं. अर्ध्या तासाचे ९० युरो पडतात, विद्यार्थ्याने ते देऊ नयेत. मोठा कालवा ओलांडायला जुन्या गोंडोल्यांची तर असते, दोन युरोंत पलीकडे सोडतात. तिच्यात उभी राहा. आणि सान त्रोव्हाझोला जा. तिथे गोंडोले बांधायचा आणि दुरुस्त करायचा कारखाना आहे, कालव्याच्या दुसऱ्या काठावरून सगळं दिसतं. गोंडोल्याची डावी बाजू उजवीपेक्षा जवळजवळ वीतभर रुंद असते. वल्हवणारा एकटा आणि एकाच बाजूला वल्हं मारणारा, त्यामुळे नाव वळत जाईल, ती सरळ जावी म्हणून तिचं अंगच वाकडं बांधतात. आठ जातींची लाकडं वापरतात. आपल्या होड्या बांधणाऱ्या सुतारांना हे सांगितलं तेव्हा दोघांनी तिथेच वाळूत आकृती काढून बघितली.

हे सगळं गाव उभं कशावर आहे ते डोक्यात ठेवून फिर. चिखलावर! आपले लोक समुद्रात कव मारतात, म्हणजे डोलीचं जाळं बांधायला तळात खुंट ठोकतात. तसेच खुंट त्यांनी लाखोंनी, एकमेकांना खेटून, चिखलात ठोकले, वर फळ्या, वर दगड, आणि त्यावर घरं. रियाल्टोचा पूल १५८८ ते १५९१ मध्ये बांधला तो अशा बारा हजार खुंटांवर. पुरुषभर चिखलाखाली हवा पोहोचत नाही, म्हणून लाकूड फारसं कुजत नाही. पाण्याच्या वरखाली होणाऱ्या रेषेवर जे असतं तेच लवकर कुजतं. आणि चौकाचौकांत कोरीव दगडी कठडे दिसतील, त्या विहिरी. पण जमिनीतलं पाणी त्यात नाही, ते खारं. चौकाखाली मातीचं अस्तर देऊन वाळू भरायची, पावसाचं पाणी तिच्यातून गाळून मधल्या विहिरीत घ्यायचं. १८८४ मध्ये नळ आला, तोवर गाव मुख्यतः हेच पाणी प्यायचं. आपल्या विहिरी फेब्रुवारीतच मचूळ होतात आणि बायका टँकरची वाट बघतात. तू बांधकामाचं शिकते आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. त्या चौकाचा छेद काढून घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे मुरानोला काच बघायला जातात तेव्हा, तू उलट दिशेला जा. मार्गेराला.

तिथे बघण्यासारखं काही नाही असं तुला सगळे सांगतील. धुराडी, टाक्या, धक्के, कंटेनर. पण व्हेनिसची गेल्या शंभर वर्षांची गोष्ट तिथे आहे. १९१७ मध्ये व्हेनिसभोवतीच्या खाजणाच्या काठी हे बंदर आणि औद्योगिक पट्टा काढायचं ठरलं. रोजगार येणार होता, आला. पुढे मोठी तेलाची जहाजं आत यावीत म्हणून १९६०च्या दशकात खाजणातून खोल, सरळ कालवा खणला. उथळ पाण्यात ओढ कमी असते, गाळ बसतो, त्यावर गवत धरतं, त्यात मासा पिल्लं टाकतो. खोल चर मारला की ओढ वाढते. ती गाळ घेऊन समुद्रात जाते. खाजणातली गवताळ बेटं झिजत गेली. कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी उपसलं, त्याने गाव खचलं. १९७०च्या सुमारास उपसा बंद केल्यावर खचणं मंदावलं, पण खचलेलं वर आलं नाही. ४ नोव्हेंबर १९६६ ला पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा १९४ सेंटिमीटर चढलं. आपल्याकडे उधाणाला साडेचार-पाच मीटरचा चढउतार असतो, तुला ही उंची काहीच वाटणार नाही. पण तिकडची रोजची भरती मीटरभरही नसते आणि दारं पाण्याच्या वीतभर वर असतात. आता खाजणाच्या तिन्ही तोंडांवर ७८ पोलादी झडपा बसवल्या आहेत. २०२० च्या ऑक्टोबरपासून मोठी भरती येणार असली की त्या उभ्या करतात. अब्जावधी युरो गेले. खाजण जसं होतं तसं राहिलं असतं तर एवढं लागलं असतं का, हा प्रश्न तिथली माणसं आजही विचारतात.

हे काही अडाण्यांच्या हातून झालेलं नाही, म्हणून मला त्याचं जास्त वाईट वाटतं. याच गावाने १५०१ साली पाण्याची देखरेख करायला स्वतंत्र अधिकारमंडळ नेमलं होतं. खाजण गाळाने भरू नये म्हणून त्यांनी ब्रेंता आणि पियावे या नद्यांची तोंडं वळवून दूर नेली. पाण्याला समजून घेणारं एवढं जुनं गाव, त्याचीही नजर एका पिढीत हलली.

आपल्याकडेही तसं मंडळ आहे. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, २०१९ मध्ये जाईपर्यंत. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवणला योजलेलं बंदर नाकारलं. २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने अटी घालून परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली, ३० ऑगस्टला पालघरला पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटींचा खर्च, समुद्रात भराव घालून १,४४८ हेक्टर नवी जमीन, दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध. हे आकडे तू वाचलेच असशील. मी या बंदराच्या विरोधात आहे आणि राहीन. आपला खडकाळ तळ, त्याच्या कपारी, तिथे मासा वाढतो. या पट्ट्याला मच्छीमार गोल्डन बेल्ट म्हणतात ते उगाच नाही. मुलांना नोकऱ्या लागतील म्हणून बंदर हवं म्हणणारे शेजारीही आहेत. त्यांच्याशी मी भांडत नाही. मार्गेरातही नोकऱ्या लागल्या होत्या. त्यांना मी विचारतो ते एवढंच, की जाणारं काय आहे ते कुणी मोजलं का?

हे मोजायला तू शिकते आहेस. भरावाने ओढ कुठे वळेल, गाळ कुठे बसेल, कुठली खाडी बुजेल आणि कुठला किनारा खचेल, हे सांगणारी माणसं आपल्या गावात हवीत. आम्ही डोळ्यांनी सांगतो. ते सुनावणीत कुणी लिहून घेत नाही. नकाशा आणि आकडे घेऊन बोलणारी आपली मुलगी असेल तर लिहून घ्यावं लागेल.

परत येताना रियाल्टोजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या काचेत बघ. गावात किती माणसं राहतात तो आकडा तिथे लावतात. १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास होती. आता पन्नास हजारही उरलेली नाहीत. पाहुणे रोज हजारोंनी येतात आणि शेजारी जातात. तुझी पिढी इथून जाते आहे, त्यात माझी तक्रार नाही. पण असा फलक कधी आपल्या गावात लागू नये एवढं तुला सांगून ठेवतो.

तर दोन दिवसांचं असं ठरव: पहिल्या दिवशी सकाळी मासळी बाजार, मग पुतळी आणि टांकसाळ, संध्याकाळी नुसतं चालणं, वाट चुकलीस तरी चालेल, बेटावरचं गाव आहे, पाणी लागलं की मागे फिर. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंडोल्यांचा कारखाना, चौकातल्या विहिरी, दुपारी मार्गेरा. संत मार्कचं चर्च बघायचंच असेल तर सकाळी उघडायच्या आधी रांगेत उभी राहा. त्याची सोनेरी भिंतचित्रं बघण्यासारखी आहेत, तेवढं मी मान्य करतो.

खर्चाला कमी पडलं तर कळव, संकोच करू नकोस. आणि पुढच्या पत्रात राजवाड्यांचं वर्णन नको. त्या दगडी पाटीवरच्या सगळ्या माशांची नावं आणि त्यांच्या पुढचे सेंटिमीटर जसेच्या तसे उतरवून पाठव, आणि मार्गेराला कुणी जुना कामगार किंवा कोळी भेटला तर त्याला विचार, की कालवा खणला तेव्हा तुमच्या गावाला कुणी विचारलं होतं का. तो काय म्हणेल ते शब्दाशब्दाने लिही.

तुझा,
आजोबा